मसाल्याच्या पिशवीतली फांदी

सुमेधाला सगळं माहीत होतं, हीच तर वाईट गोष्ट. अकोल्याला झाडांच्या रोगांवर एम.एस्सी. केलेली ही बाई. नवरा अंबरीष टोकियोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत पिचत होता आणि ती त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत संत्रा-लिंबांच्या झाडांवरचे विषाणू तपासायची. परदेशातून झाडाची काडीसुद्धा आणू नये, हे तिने झोपेतही सांगितलं असतं.

पण सासूबाई आल्या त्या गोड्या मसाल्याच्या पिशवीत कागदी लिंबाची फांदी लपवून. "इथल्या लिंबाला ना वास ना चव. वरणभातावर पिळायचं काय?" सुमेधा ती फेकायला उठली खरी, पण आधी नाकाशी नेली. तिथेच पाय घसरला.

शेजारचे मोरिता-सान एकटेच राहत. परसात त्यांच्या दिवंगत बायकोने लावलेलं छोट्या संत्र्यांचं झाड होतं. त्यावर त्यांनी मोठ्या हौसेने सुमेधाने दिलेल्या त्या फांदीचं कलम बांधलं. पहिलं लिंबू आलं ते त्यांनी स्वतः चाखलंही नाही, सुमेधाला आणून दिलं.

पुढच्या वसंतात पानं पिवळी पडली, शेंडे वाळले. मग पलीकडच्या बागांतही तेच. झाडाझाडांत रोग पसरवणारा मावा हा किडा कुठला कुंपण मानतोय! पानं तपासायला आली ती सुमेधाच्याच टेबलावर. मोरितांच्या संत्र्याच्या झाडात एक विषाणू वर्षानुवर्षं गुमान राहत होता, झाडाला त्याचा काही जाच नव्हता. फांदीतून दुसरा आला. एकाच पेशीत दोघांचे तुकडे जुळले आणि दोघांहून जहाल असा तिसराच निपजला. अर्धा इथला, अर्धा भारतातला. पडद्यावरची जनुकांची अक्षरं सुमेधाने पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिली.

"कुठे बोलू नकोस," अंबरीष म्हणाला. "व्हिसा रिन्यूअलला टाकलाय आपण."

"अरे, आणि मोरिता-सान?"

"त्यांना कोण काय करणार? ते इथलेच आहेत."

बागवाल्यांच्या बैठकीत प्रश्न निघालाच, फांदी आली कुठून? सुमेधा साहेबांबरोबर अहवाल घेऊन तिथेच बसली होती. मोरिता-सान उठले आणि कमरेत वाकले. "मलाच हाव सुटली. एका प्रवाशाकडून मागून घेतली." तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. एक शब्द बोलायचा होता तिला, फक्त एक. तिने अहवालाचं पुढचं पान उलटलं.

झाडं मुळासकट उपटून जाळली. मोरितांना कुणी शिवी दिली नाही, तिथे तशी रीत नाही. त्यांना नुसतं वगळलं. गल्लीत सूचनांची एक फाइल घरोघर फिरते, वाचायची, शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. ती आता त्यांचं दार टाळून थेट सुमेधाकडे येऊ लागली.

दोनदा तिने स्वतः ती नेऊन दिली. दुसऱ्यांदा मोरिता-सान दारातच हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आणत जाऊ नका. लोक तुमच्याशीही बोलणं सोडतील."

आणि सुमेधाने नेणं बंद केलं.