डोंगर ठेवून गेलेला मारुती

टाकवे बुद्रुकच्या तालमीत हौशीराम रोज पहाटे जायचा, पण कुस्ती अशी त्यानं जन्मात धरली नाही. आखाड्याची माती खणायची, तेल आणि ताक घालून ती मळायची, पैलवानांची अंगं रगडायची आणि कुणी चीत झालं की सगळ्यांच्या आधी टाळी वाजवायची, एवढं त्याचं काम. ते कुणी नेमून दिलेलं नव्हतं, आणि कुणी कधी नकोही म्हटलं नव्हतं. अंगानं तो इतका बारीक की सदरा त्यानं घातलाय की खुंटीला अडकवलाय, हे लांबून कळायचं नाही.

बायको रतनबाई म्हणायची, "ह्यांच्या छातीवर कान ठिवला की आतलं समदं ऐकू येतं. दुपारी काय खाल्लं तेबी."

आणि ती कान ठेवायची, हे खरंच होतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घरात बोलायला तिसरं माणूस नव्हतं. दिवसभराचं बोलणं रतनबाई साठवून ठेवायची आणि अंथरुणावर पडलं की हौशीरामच्या छातीवर डोकं टेकून सगळं सांगायची. ओढ्यावर कोण काय म्हणालं, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, भाताच्या रोपाला कुठं कीड दिसली. ऐकता ऐकता त्याचा डोळा लागायचा. मग ती चिमटा काढायची आणि राहिलेलं सांगायची. त्या घराला सुख म्हणून जे काही होतं ते बहुतेक एवढंच होतं, पण ते त्यांना पुरायचं.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. तालमीतल्या प्रत्येक पैलवानाच्या दंडावर मारुती गोंदलेला होता. सगळ्यांत देखणा महिपतीचा. तो दंड फुगवायचा तेव्हा त्याचा मारुतीही छाती काढायचा. हौशीरामच्या अंगावर मात्र गोंदणाचा ठिपकासुद्धा नव्हता. फाल्गुनातल्या एका सकाळी महिपतीची पाठ रगडता रगडता तो हळूच म्हणाला, "औंदा एकवीरेच्या जत्रंत मीबी घ्यावा म्हंतो."

"काय घेतोस? बैल?"

"मारुती."

महिपती उठून बसला. त्यानं हौशीरामचा दंड दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "हितं? आरं, देवाला बसाया जागा तर पायजे! एक पाय तुझ्या दंडावर ठिवंल, आन दुसरा कुटं ठिवायचा त्यानं? माझ्या?"

तालीम हसली. रोजच हसायची. पण त्या दिवशी हौशीरामला काय झालं कोण जाणे, तो म्हणाला, "दंडावर कोन घेतंय? छातीवर घेनार. ह्या बगलेपासनं त्या बगलेपत्तुर. द्रोणागिरीसकट."

  हे बोललं कोण, अशा नजरेनं त्यानं स्वतःच एकदा मागं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात त्याला "राम राम, मारुतराव" सुरू झालं. तालमीचे वस्ताद कोंडाजी आबा. त्यांनी त्याला बोलावून समोर बसवलं.

"एवढा मोटा देव अंगावर घेतोस, त्याचं समदं करावं लागंल. शनवार धरशील?"

"धरीन, आबा."

"पालथं निजायचं न्हाई. देवाचं नाक दबंल."

"न्हाई निजत."

"मटान बंद."

इथं हौशीराम अडखळला. "जत्रंचं बी?"

"जत्रंचं तर आदी! गोंदून उटलास की तितनंच बंद. आमी जेवू, तू वाढ."

एक अख्खी संध्याकाळ तो ओट्यावर बसून मटणाचा विचार करत होता. शेवटी त्यानं तेही सोडलं. सुयांची भीती होतीच, पण ती त्यानं कुणाला सांगितली नाही. आता फक्त रतनबाईनं शाबास म्हणायचं राहिलं होतं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले, कपाळावर ठिपके, हनुवटीवर तीळ. नऊ वर्षांची असताना तिला धरायला आलेल्या बायकांना तिनं, "धरू नगा, मी बसती," असं सांगितलं होतं म्हणे. अशा बाईला नवऱ्याचं कौतुक वाटेल, असा त्याचा अंदाज होता.

दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताटात भाकरी टाकताना म्हणाली, "अवं, मारुती बरमचारी न्हवं?"

"व्हय की. जल्मापासनं."

"देवळात आमी बायका लांबनंच पाया पडतो. शिवत न्हाई."

"बराबर."

"मंग?"

"मंग काय?"

"मंग मी डोकं कुटं ठिवू?"

हौशीरामनं घास परत ताटात ठेवला. एवढा विचार केला, शनिवारचा केला, मटणाचा केला, देवाच्या नाकाचाही केला. पण हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"महिन्याचं चार दिस मी बाजूला बसती," रतनबाई म्हणाली. "आता तिसाच्या तीस दिस बसू? माजं हातरूण वट्यावर टाकती. तुमी आन मारुती निजा घरात. काय बोलायचं ते बोला."

"पाटीवर घेऊ का मंग?"

"घ्या. देवाला खाली घालून निजा. लय पुन्य लागंल."

तो ताट तसंच सोडून कोंडाजी आबांकडं गेला. झालेलं सगळं त्याला सांगता येईना, आणि न सांगता विचारता येईना. आबांना कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाले, "बाई शानी हाय तुजी. आमचा मारुती दंडावर, त्यो हात आमी बाजूला लांब ठिवून निजतो. तुजं छातीचं काम. इलाज न्हाई."

"मंग नगं म्हनू का?"

"मला काय इचारतोस? म्हैपतीला सांग."

पण महिपतीनं तोवर छातीवरच्या मारुतीची गोष्ट वडगावच्या बाजारात सांगून टाकली होती. सोमाटण्याच्या तालमीतून निरोप आला होता, की आमचेही चारजण मारुती बघायला जत्रेला येतात. हौशीरामला लोकांचं हसणं नवं नव्हतं. पण आजवर लोक त्याच्या अंगाला हसत आले होते. आता ते त्याच्या शब्दाला हसणार होते, आणि ते काही त्याला सोसवेना. अंथरुणावर रतनबाई छातीवर डोकं टेकून निजायची, पण बोलायची नाही. थोडेच दिवस उरलेत तर टेकून घ्यावं, असं काहीतरी तिच्या त्या निजण्यात होतं. हौशीराम तुळईकडं बघत पडायचा. त्याला आता चिमट्याशिवायच जाग असायची.

चैत्रात टाकव्याच्या गाड्या जत्रेला निघाल्या. पुढच्या गाडीत तालीम, मागच्या गाडीत बायका. वेहेरगावच्या डोंगराखाली, जिथून एकवीरेच्या पायऱ्या सुरू होतात तिथं, झाडाखाली गोंदणारा बसला होता. खोपोलीकडचा म्हातारा, तोंडात दात थोडे. पुढ्यात काळ्या शाईची वाटी, सुयांची जुडी आणि चित्रांचा एक मळका कागद.

महिपतीनं हौशीरामचा सदरा स्वतःच्या हातानं काढला. "म्हातारबा, ह्या पावन्याच्या छातीवर मारुती. समदी छाती. कमी जागेत जादा देव बसवायचाय."

सोमाटण्याचे चौघं पुढं सरकले. टाकव्याच्या बायका थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. रतनबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि दोन पावलं मागं गेली. देवळात जायची तशीच. हौशीरामनं ते पाहिलं.

"आदी काय काढू?" म्हाताऱ्यानं विचारलं. "देव का डोंगर?"

"डोंगर," हौशीराम म्हणाला. तेवढाच देव लांब राहील, असा त्याचा हिशेब.

म्हातारा कागद चाळू लागला. चित्रातल्या मारुतीच्या तळहातावरचा द्रोणागिरी लाडवाएवढा होता. "हितं तर ह्यो असा गोळा हाय. एवढा थोरला मी कवा काढलेला न्हाई. कसा असतो त्यो डोंगर?"

द्रोणागिरी कुणीच पाहिलेला नव्हता. आबा म्हणाले, "टोकदार असंल." महिपती म्हणाला, "झाडं लय असत्याल." हौशीरामनं मान वर केली. समोर, रेल्वेच्या रुळापलीकडं, अख्खा लोहगड उभा होता. सपाट माथा, आणि एका अंगाला विंचवाच्या नांगीसारखा लांब गेलेला कडा. त्याच्याच पायथ्याला भाजे, रतनबाईचं माहेर. म्हणजे माहेर होतं. आईबाप गेले, भाऊ गिरणीत कामाला म्हणून मुंबईला जाऊन राहिला, घर बसलं. आता जायचं कुणाकडं? पण दर वर्षी जत्रेला आलं की पायऱ्या चढता चढता ती थांबायची, आणि दम लागल्याचं निमित्त करून त्या डोंगराकडं बघून घ्यायची.

"त्यो समूरचा घ्या," हौशीराम म्हणाला.

"लोहगड?"

"डोंगरच हाय की."

म्हाताऱ्यानं काडीनं रेघ ओढली, एकदा समोर आणि एकदा छातीवर बघत. मग सुया सुरू झाल्या. महिपती तोंडाशी वाकून बसला होता, हा ओरडेल तर आपण पहिलं ऐकावं म्हणून. हौशीराम ओरडला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तो गडाकडं बघत राहिला. फक्त विंचवाची नांगी बगलेपाशी पोचली तेव्हा त्याला हसू फुटलं. बगलेत त्याला गुदगुल्या व्हायच्या. सोमाटण्याच्या एकानं दुसऱ्याला विचारलं, "ह्यो हसतोय व्हय?" आणि त्यांच्या बोलण्यात जरा आदर आला.

डोंगर पुरा झाला. म्हाताऱ्यानं रक्त पुसलं, शाई सारखी केली आणि विचारलं, "आता मारुती कुटनं धरू? शेपटीकडनं का गदंकडनं?"

हौशीरामनं बायकांच्या बाजूला पाहिलं. रतनबाई पदराचं टोक दातात धरून उभी होती, अजून दोन पावलं मागं.

"बास," तो म्हणाला आणि उठला.

"बास?" महिपती उडालाच. "आरं, मारुती कुटं हाय?"

"गेला."

"गेला? कुटं गेला?"

"डोंगर हितं ठिवला आन गेला. त्याचं काम झालं. डोंगर घिऊन काय जल्मभर हुबा राहनार त्यो?"

 पहिल्यांदा कोंडाजी आबा हसले, मग सोमाटण्याचे हसले, आणि शेवटी महिपतीनं त्याच्या पाठीवर असा रट्टा दिला की डोंगराखालचं त्याचं काळीज हललं. "भ्याला, भ्याला," असं तो म्हणत होता खरा, पण एवढा वेळ सुया सोसलेल्या माणसाला तसं म्हणताना त्याच्या आवाजात जोर नव्हता. त्या दिवसापासून हौशीरामचं नाव डोंगऱ्या पडलं ते कायमचं. अंगावर मारुती नसल्यामुळं मटणाचीही मोकळीक राहिली. तो दोनदा जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छाती सुजली होती. रतनबाई हळदीचं पाणी घेऊन बसली आणि कापसाच्या बोळ्यानं हळूहळू पुसू लागली. पुसता पुसता तिचा हात थांबला. जत्रेत ती इतकी मागं उभी होती की तिला नुसतं काळं काहीतरी दिसलं होतं.

"अवं, ह्यो लोहगड न्हवं?"

"आसंल. मला खाली बघून उलटा दिसतोय."

"आसंल काय? ही नांगी. ह्यो दरवाजाचा उतार." तिनं बोट खाली आणलं आणि बरगडीच्या कडेला टेकवलं. "मंग भाजं हितं. आन आमचं घर हितं."

"अगं, दुकतंय की!"

"दुकू द्या. चिचंचं झाड ऱ्हायलं काडायचं." तिनं बोळा पुन्हा हळदीच्या पाण्यात बुडवला. मग नाक ओढून म्हणाली, "देव न्हाई ना ह्यात कुटं?"

"न्हाई. इचार आबांना. डोंगराला बाई शिवली तर चालती."

पुढचे आठ-दहा दिवस हौशीराम पाठीवर सरळ पडून असायचा आणि छातीला काही लागू द्यायचा नाही. रतनबाई रोज सकाळी सदरा वर करून खपली बघायची. मागल्या पावसाळ्यात त्याला हिवताप आला होता तेव्हासुद्धा तिनं इतकी विचारपूस केली नव्हती.

"का गं, एवढं काय बघतीस?" त्यानं एकदा विचारलं.

"कवा बरं हुतंय ते बघती," रतनबाई म्हणाली. "लय बोलायचं साठलंय. आन म्हायेरी जाऊनबी लय दिस झालं."