अंगारकीची रांग

फार्मसी कॉलेजात मुलांना डायबेटिस शिकवणाऱ्या जयंती तांडेल मॅडमना शांत म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. कोळीवाड्यात वाढलेला आवाज; मागच्या बाकावरचा जांभई द्यायचं विसरतो. "साखर उतरली की माणूस नुसता गळत नाही रे, मारायलाही उठतो," असं त्या वर्गात सांगत, तेव्हा पोरं हसत. सोबत शिकवणाऱ्या मलाही ते जरा अतीच वाटे.

अंगारकीला बोरीवलीत देवळाबाहेर मुलांना घेऊन आम्ही लोकांची साखर तपासायला बसलो होतो. रांगेत आरडाओरड झाली. बळवंत परब नावाच्या साठीतल्या गृहस्थांनी हातातला नारळ बायकोच्या कपाळावर हाणला होता. सगुणाबाई रक्ताने माखून खाली बसल्या. मग काय, भक्तांनाच ऊत आला.

"बेवडा साला! उपासाला पण ढोसून आलाय!"

कुणी पट्टा काढला, कुणी चप्पल. बळवंत पडले तरी लाथा थांबेनात. देवाच्या दारात इतक्या हौसेने मारणारी माणसं बघून मला किळस आली.

"मारू नकात!" सगुणाबाई किंचाळत होत्या. "पिलेले नाय हत ते! उपाशी पोटार इन्सुलिन घेतल्यानी!"

उपास मोडायचा नाही आणि इंजेक्शनही चुकवायचं नाही. बिचाऱ्यांनी दोन्ही इमानाने पाळलं होतं.

मॅडम गर्दीत घुसल्या. पट्ट्याचा फटका त्यांच्याच तोंडावर बसला, ओठ फाटला. त्यांनी पट्टा मारणाऱ्याच्या कानाखाली सणसणीत वाजवली.

"सर्वेश, यांचं बोट टोच! श्रुतिका, ग्लुकोज आण!" त्या आमच्या विद्यार्थ्यांवर ओरडल्या.

मीटरवर साखर अवघी अडतीस; सत्तरच्या खालीच धोका असतो. बळवंत घामाने निथळत होते, हातपाय झाडत होते, पण त्यांना अजून गिळता येत होतं. मॅडमनी त्यांच्या गालात ग्लुकोज भरलं, तसे ते बोटाला करकचून चावले. मॅडमनी बोट काढलं नाही.

"गिळ रे बाबा, गिळ! नाहीतर जाशील!"

हा माणूस आता आमच्यासमोर मरणार, असंच मला वाटलं. पण हळूहळू त्यांचे हातपाय थांबले. गर्दी पांगली, तो पट्टा मारणारा पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

बळवंतनी डोळे उघडले. डावा हात मोडून लोंबत होता, त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बायकोचं कपाळ बघून ते संतापाने उठायला धडपडू लागले.

"कोणी मारल्यान गो तुका? दाखव माका! सोडूचंय नाय मी तेका!"

सगुणाबाईंनी पदर कपाळावर ओढला.

"कोणी नाय," त्या म्हणाल्या. "मी पडलंय."