माझ्या निधनाचा सराव

मी एकदा वारलो आहे. जळगावात, भर दुपारी, पोटभर जेवून झाल्यावर, आणि फार सुरेख आवाजात. हा किस्सा मी लग्नांत सांगितलाय, बारशांत सांगितलाय, एकदा तर एसटीच्या रांगेत सांगितलाय. लोक पोट धरून हसतात. मी मात्र तो नेहमी अर्ध्यात थांबवतो. आज पुढचा भागही सांगतो.

मी निवेदन शिकवतो. इथल्या एका लोकल केबल चॅनलच्या स्टुडिओत सकाळी आमचा रेडिओ-टीव्हीचा कोर्स भरतो. स्टुडिओ म्हणजे एक खोली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या कापसाच्या गाद्या, एक माईक, एक कॉम्प्युटर. मुलं मोठाल्या मुलाखती घ्यायची स्वप्नं बघत येतात. मी पहिल्याच दिवशी त्यांना जमिनीवर आणतो. आपलं चॅनल लोक कशासाठी लावतात? निधनवार्तेसाठी. दुपारी दीड वाजता गाव जेवता जेवता कान देतं, कारण कुणाच्या दारावर बसायला जायचं आणि अंत्ययात्रा किती वाजता निघणार, हे तिथं कळतं. घाईत वाचलं तर मेलेल्याचा अपमान, रडक्या सुरात वाचलं तर तमाशा. हे जमलं त्याला काहीही जमतं.

आता सरावाला मयत हवा. दुसऱ्या कुणाचं नाव देणार? मी माझंच द्यायचो. मुलं बिचकायची, मला मजा यायची. एकाने तर इतक्या उत्साहात वाचलं की मी विचारलं, "काय रे, वाटणीत तुलाही काही मिळतंय का?"

त्या बॅचमध्ये भडगावकडच्या खेड्यातली एक मुलगी होती. वडिलांनी तिला सहा महिने दिले होते. तेवढ्यात पक्की नोकरी लागली तर जळगावात राहायचं, नाहीतर घरी यायचं, स्थळं येऊन थांबलेली. चॅनलच्या मालकाने तिला निधनवार्तेसाठी तात्पुरतं घेतलं होतं आणि येत्या एक तारखेला कायम करायचं कबूल केलं होतं. एक तारखेला चार दिवस होते.

त्या सकाळी तिने मला वाचलं. माझ्या नावाआधी ती क्षणभर थांबली. एवढाच थांबा, पण माझ्याच अंगावर काटा आला. आपण गेल्यावर कुणीतरी असं थांबावं, असं वाटून गेलं. घरी जाण्याआधी पुन्हा एकदा ऐकू म्हणून तिच्या रेकॉर्डिंगची फाइल मी त्या दिवसाच्या प्रसारणाच्या फोल्डरमध्ये टाकली. सरावाच्या प्रत्येक फाइलच्या नावाआधी 'सराव' लिहायचं, हा माझाच नियम. मी लिहिलं नाही. तेवढ्यात चहा आला, आणि मी विसरून घरी गेलो.

दीड वाजता ऑपरेटरने फोल्डर जसं होतं तसं लावलं.

मी घरी तोंडावर पेपर घेऊन आडवा झालो होतो. शेजारच्या अक्का धावत आत आल्या, पेपरखाली मला बघितलं आणि त्यांनी हंबरडा फोडला. मी उठून बसलो, तसा त्यांनी दुसरा फोडला. तासाभरात दारात पन्नास माणसं. एकाने हार आणलेला, तो परत कसा न्यायचा म्हणून तो खुंटीला अडकवून गेला. धुळ्याहून बहीण निघाली होती. मी जिवंत आहे हे रस्त्यात तिला कुणी फोन करून सांगितलं नाही. रिवाजाप्रमाणे ती गल्लीच्या तोंडापासूनच रडत आली. ओट्यावर मी चहा पिताना दिसलो, तरी सूर लागलेला, तो तिने पुरा केला आणि मग मला पर्सने बडवलं.

लोक हसतात ते इथपर्यंत.

बहीण यायच्या आधीच मालकाचा फोन आला होता. "भाऊ, आहात ना?"

"आहे की!"

"ती पोरगी म्हणते, आवाज माझाच आहे. फाइल कुणी टाकली ते माहीत नाही म्हणते. मी तिला उद्यापासून येऊ नको सांगितलं. असला खोडसाळपणा आपल्याकडे नको."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. पण त्याच वेळी ओट्यावर एक गृहस्थ मी किती दिलदार माणूस आहे ते सांगत होते, आणि मला ते शेवटपर्यंत ऐकायचं होतं. मी म्हणालो, "उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी बोललो. मालक म्हणाला, "काल का नाही सांगितलं? मी दुसरीला शब्द दिला." काचेपलीकडे माईकसमोर दुसरी मुलगी बसली होती. माझ्या विद्यार्थिनीला तिचे वडील आदल्या संध्याकाळीच गावी घेऊन गेले होते.

आठ दिवसांनी मी त्या खेड्यात गेलो. वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं. "बठ्ठं गाव म्हणस, पोरगीनी मास्तरले मारी टाकं," ते म्हणाले; म्हणजे सगळं गाव म्हणतंय, पोरीने मास्तरला मारून टाकलं. हसले नाहीत. चूक माझी होती, असं म्हणून मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "आता काय त्याचं, भाऊ. सुपारी फुटली."

चहा घेऊन ती आली. रागाने बघेल म्हणून मी तयारीत होतो. तिने कप ठेवला आणि विचारलं, "सर, नावाआधीचा थांबा लांबला होता का?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर होता."

"मग ठीक."

मी म्हणालो, धुळ्यात ओळख आहे, शब्द टाकतो, ऑडिशन तरी दे. तिने ओसरीकडे बघितलं. तिथं तिच्या होणाऱ्या सासरकडची दोन माणसं बसलेली होती.

ती काहीतरी बोलली. सहा महिने मी तिला आवाज पोटातून काढायला शिकवलं होतं. आता ती इतकं हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं, आणि तरीही ऐकू आलं नाही.