साडूच्या किचनला सुट्टी नाही

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत माझ्या साडूएवढा चुळबुळ्या माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांना एका खोलीत ठेवू नये. संध्याकाळपर्यंत ते दार उचलून दुसऱ्या भिंतीत बसवतील. माझी बायको थोरली, याची धाकटी, म्हणून हा माझ्या वाट्याला आला. मी चौथीपर्यंत शिकलेला गवंडी. एकदा बांधलं की पुन्हा हात लावायचा नाही, हा माझा कायदा. तो कंपनीत लाइनवर होता. तिथं म्हणे दर महिन्याला प्रत्येकानं एक सुधारणा लिहून द्यायची असे. कंपनी सुटली, सुधारणा सुटल्या नाहीत. रिटायर झाल्यापासून संत तुकाराम नगरातल्या त्याच्या त्या एवढ्याशा किचनला एक दिवस सुट्टी मिळालेली नाही.

दुकानातून नवी वस्तू आणायची म्हणजे त्याला स्वतःचा अपमान वाटतो. भोसरीला त्याचा एक दोस्त ठोकलेल्या गाड्यांना रंग मारतो. डब्यात उरलेला रंग हा घेऊन येतो आणि कपाटाच्या दारांना मारतो. एक दार चंदेरी, एक लाल, एक चॉकलेटी. शहरात या महिन्यात कोणत्या रंगाची गाडी धडकली, ते याच्या किचनमध्ये जाऊन बघावं. चाकणला परदेशी मशिनं ज्या खोक्यांतून येतात, त्यांची लाकडं भंगारात स्वस्त मिळतात. त्या लाकडांच्या यानं ट्रॉल्या केल्या. एका फळीवर पेल्याचं चित्र आणि ‘ही बाजू वर’ सांगणारा बाण होता. घाईत फळी उलटी ठोकली गेली.

मी म्हणालो, “पाहुणं, बाण जमिनीकडं चाललाय.”

“जाऊ द्या की राव. डाळ खालच्याच खणात हाय.”

मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यानं गॅसमागच्या भिंतीला संगमरवराचा चिकटकागद लावला. दुसऱ्या दिवशी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि अख्खा संगमरवर अलगद खाली येऊन कुकरवर पांघरूण घातल्यासारखा बसला. मी म्हणालो, लावायच्या आधी मला विचारायचं होतं. तर म्हणतो, “तुमाला कायबी विचारलं तरी तुमी शिमिटच सांगता.”

यंदा मात्र त्याची चुळबूळ फारच वाढली, आणि त्याला कारण होतं. पिंपळे सौदागरला त्याच्या मुलानं फ्लॅट घेतला. माझी मेव्हणी, म्हणजे साडूची बायको, तिथं पंधरा दिवस राहून आली आणि आल्या आल्या म्हणाली, “मी आता लेकाकडंच राहीन म्हणते. तुमाला यायचं तर या.” साडूला घाम फुटला. माझ्याकडं येऊन म्हणाला, “त्या घरात ठोकायला एक खिळा शिल्लक नाय हो. मी तिथं बसून करू काय?” आणि तिला सोडून एकटं राहायचं, हे तर त्याच्या तोंडातून बाहेरसुद्धा येईना. सुनेच्या किचनमध्ये जे काय आहे, ते सगळं आपल्याकडं करून दाखवायचं, म्हणजे ही जायची नाही, असा त्यानं हिशेब बांधला. ओट्याखाली दिव्यांची पट्टी लावली. तिच्या उजेडात फक्त झुरळं स्वच्छ दिसायला लागली. सुनेच्या ट्रॉल्या आवाज न करता बंद होतात म्हणून यानं आपल्या ट्रॉलीला आतून सायकलची ट्यूब बसवली आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं. ट्रॉली मऊपणे आत गेली. तो माझ्याकडं वळून हसला, तेवढ्यात ती उसळून परत आली आणि बरोबर त्याच्या गुडघ्यावर बसली.

मेव्हणी पोट धरून हसली. मग चहा ठेवायला म्हणून तिनं पायानं एक पाट पुढं ओढला आणि त्यावर चढली. आजवर मी त्या घरी बाहेरच्या खाटेवर बसूनच चहा प्यायलो होतो. ती चहा करताना आत उभा राहिलो तो त्या दिवशीच.

“पाट कशाला गं?”

“हात पुरायला नको का, दाजी?”

“किती दिवस झाले?”

“तुमी वटा बांधला तवापासनं. आधी भाकऱ्या तरी खाली बसून थापायचे, आता गुडघं वाकत न्हाईत. सून माज्याएवढीच हाय, तिनं कारागिराफुडं उभं राहून माप दिलं. तिथं सैपाक करताना माजं पाय जमिनीला टेकत्यात.”

साडू गुडघा चोळायचा थांबला. “माप मी दिलं हुतं,” एवढंच म्हणाला.

माप त्यानं दिलं होतं आणि मी घेतलं होतं. मी शेकड्यानं ओटे बांधले, ओळंब्यात एक दोरा चूक नाही. पण माप विचारायचं ते घरच्या मालकाला. बाई त्या वेळी चहा करत असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी थापी, छिन्नी घेऊन गेलो. साडूनं बायकोला भिंतीशी उभं केलं, तिच्या कोपराखाली पेन्सिलनं खूण केली, पुसली, परत केली. ती लाजून म्हणाली, “लग्नातबी एवढं निरखून बघितलं नव्हतं ह्यांनी.” ओट्याच्या कडप्प्याला चरा न पडू देता मी तो उतरवला, खालच्या भिंती सहा इंच कापल्या, परत बसवला. या वयात हे काम करणारा गवंडी दाखवा मला.

पुढच्या रविवारी लेक आईला न्यायला आला. ती पाय जमिनीवर ठेवून भाकरी थापत होती. “बस, जेवून जा,” म्हणाली, “मी काय आता यायची न्हाई.” लेक जेवून एकटाच परत गेला. साडू आता ओट्याबरोबर बुटक्या झालेल्या सिंकवर वाकून भांडी घासतो, कंबर धरतो, पण कुरकुर करत नाही. इतका वेळ एका जागी उभं असलेलं मी त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी घरी येतो, चहा ठेवतो. हा ओटाही मीच बांधलेला, मला अगदी कमरेला येतो. थोरलीला जाऊन चार वर्षं झाली. तीही बहिणीएवढीच होती, खांद्यालाही लागायची नाही माझ्या. ती इथं कशावर उभी राहायची, ते काही केल्या आठवत नाही.