सुईताईचा हात

लॅबमध्ये सगळे तिला सुईताई म्हणत. बावीस वर्षं ती रक्त काढत होती. नस शोधायला तिला एक बोट पुरायचं. रडवी पोरंसुद्धा तिच्यासमोर निमूट हात पुढे करत.

आई गेल्यावर मात्र तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. डॉक्टरांनी उदासीवर गोळी दिली. मन सावरलं, पण अंग सुटलं. पांढरा कोट बटणांवर ताणायला लागला, तशी जाऊ म्हणाली, "ह्या कॅप्सूल घे. जडीबुटीच्या आहेत, काही होत नाही. मीही घेते."

भूक खरंच पळाली. डबा भरलेलाच घरी परत यायला लागला. पण तिसऱ्या आठवड्यात झोप उडाली, छाती धडधडायला लागली. बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठं जायचं ते कळेना.

"अगं, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" नवरा म्हणाला. ती त्याच्यावर खेकसली आणि पुसलेल्याच ओट्यावर पुन्हा फडकं फिरवत राहिली.

उदासीच्या गोळीचं जावेला ठाऊक नव्हतं, कॅप्सूलचं डॉक्टरांना.

एका सकाळी नेहमीचे निवृत्त मास्तर आले. तिनं दंडाला पट्टा बांधला, सुई उचलली. हात थरथरत होता, हातमोजे आतून घामानं चिंब. दोनदा टोचलं, दोनदा नस हुकली.

मास्तर हळूच म्हणाले, "बाई, रक्त माझं तपासायचंय की तुमचं?"

ती हसायला गेली, तर दातांवर दात आपटायला लागले. लॅबच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. नाडी एकशे चाळीस, अंगात ताप, पाय आपोआप झटके देत होते.

"काय काय घेतेस? खरं सांग."

"उदासीची गोळी. आणि... भूक मारायच्या कॅप्सूल."

इस्पितळात दोन्ही बंद केलं. कॅप्सूल तपासल्यावर त्या 'जडीबुटी'त हृदयाला घातक म्हणून बंदी घातलेलं, भूक मारणारं औषध निघालं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "मेंदूत सिरोटोनिन नावाचं रसायन असतं. तुझी गोळी ते वाढवते, ही कॅप्सूलही तेच करते. दोन्ही नळ सोडलेस, पूर येणारच. जीवावर बेतलं असतं."

तीन दिवसांनी ताप उतरला. हृदयाची तपासणी ठीक निघाली. घरी आल्या आल्या ती जावेकडे गेली.

"ती डबी दे इकडे."

"मला कुठं काय होतंय?"

तिनं जावेचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत ठोके मोजले. एकशे दहा, तेही बसल्या बसल्या.

जावेनं हात हिसकावून घेतला. दुसऱ्या दिवशी ती गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली, पण पुढे महिनाभर सुईताईशी एक शब्द बोलली नाही.