पाणी येऊच नये

घाबरला की दिसेनासा होणारा हिरो मी सुडापोटी लिहिला, हे चॅनेलला आजतागायत माहीत नाही. त्यांना वाटलं, बाईंना काय गोड कल्पना सुचली.

त्याआधी मी मुंबईत वीसेक वर्षं सासवा-सुनांच्या मालिका लिहीत होते. एके दिवशी चॅनेलच्या मीटिंगमध्ये एक तरुण साहेब म्हणाले, आता कॉलेजच्या पोरांसाठी काहीतरी करू, सोळा-सतरा वर्षांचं प्रेम पाहिजे, दोघांकडे अद्भुत शक्ती पाहिजे, आणि गोष्ट खेड्याकडची पाहिजे. हिरोला उडवायचं नाही, कारण तार बांधून उडवलं की तो बाहुल्यासारखा दिसतो. सगळे विचार करत बसले. मला विचार करावा लागला नाही. मी म्हटलं, मुलीच्या तळपायांना जमिनीखालचं पाणी कळतं. चप्पल काढून उभी राहिली की ती सांगते, इथे खणा. आणि मुलगा भ्याला की अदृश्य होतो.

"वा!" साहेब म्हणाले. "किती क्यूट!"

मी वहीत मान घातली. तो क्यूट मुलगा मला चांगला माहीत होता.

तेव्हा लातूर जिल्हा नवानवा झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्यांना नवा रंग दिला होता, पण उन्हात बघितलं की खालची उस्मानाबादची अक्षरं उमटून दिसायची. जिल्हा आला आणि मागोमाग दुष्काळ आला. मी शिरूर अनंतपाळची. आमचं गाव तेव्हा तालुका वगैरे काही नव्हतं. दहावीला मार्क बरे पडले म्हणून वडिलांनी मला लातूरला मावशीकडे ठेवलं आणि एका नावाजलेल्या शिकवणीत घातलं. एका गोदामात शंभरावर पोरं, एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलं, आणि समोर सर, हातात माईक. मला डॉक्टर व्हायचं होतं. घरात कुणाला त्यात शंका नव्हती, मला तर मुळीच नव्हती.

शिकवणीच्या दारात पिण्याच्या पाण्याचा एक रांजण होता. तो रोज दोन पोरांनी भरायचा, असा सरांचाच नियम. मुलीनं घागर धरायची, मुलानं हापसायचं. माझ्या पाळीला अहमदपूरचा एक मुलगा आला, आणि पुढे दर वेळी तोच येत गेला. त्यात त्याचीही काही खटपट असावी. गल्लीच्या टोकाच्या हापशाला त्या वर्षी चाळीस-पन्नास हात मारल्याशिवाय थेंब येत नसे. तो दांडा खालीवर करायचा आणि मी तोटीखाली घागर धरून उभी राहायची. तेवढ्या वेळात आम्ही बोलायचो. काय बोलायचो? सरांची नक्कल, मेसची आमटी, त्याच्या आजोबांची एक डोळा मिटून बघायची सवय. पाणी आलं की बोलणं संपायचं, कारण मागे रांग लागलेली असायची.

म्हणून मी त्याला चिठ्ठी लिहिली. आयुष्यातली पहिली. फिजिक्सच्या गाईडमध्ये घालून दिली. त्यात एक वाक्य होतं: तू हापसत असलास की मला वाटतं, पाणी येऊच नये.

कुणीतरी चुगली केली. दुसऱ्या दिवशी सर माईकवर म्हणाले, "वर्गात एक चिठ्ठी फिरायलीय. ज्याच्याकडं हाय त्यानं उभं राहावं."

कुणी उभं राहिलं नाही. चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या खिशात होती, मला बाहेरून घडी दिसत होती. मी मनात म्हणत होते, बसून राहा, नुसता बसून राहा, शंभर पोरांचे खिसे कोण तपासतंय? सर दुसऱ्यांदा काही म्हणायच्या आतच तो उठला. कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. तो चालत टेबलापर्यंत गेला, खिशातून चिठ्ठी काढून दिली आणि म्हणाला, "सर, मी मागितली न्हवती. तिनंच दिली."

मग तो जागेवर जाऊन बसला आणि त्यानं डोकं वहीत घातलं. त्यानंतर त्याचा चेहरा मला दिसलाच नाही.

सरांनी चिठ्ठी माईकवर वाचली. त्या वाक्याशी थांबले. "ऐका रे! सगळा जिल्हा पाण्यासाठी तडफडायलाय, अन् ह्या बाईसाहेब काय म्हणायल्यात? पाणी येऊच नये!" वर्ग हसला. माईकचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, हे मला घरी जाताना कळलं. दोन दिवसांनी मी मावशीची घागर घेऊन हापशावर गेले, तर एका बाईनं माझा हात दांड्यावरून काढला. "तू नको हात लावूस बाई. तुझ्या तोंडाचं काही खरं न्हाई." ती चेष्टा करत नव्हती. तिच्यामागे सहा-सात बाया उभ्या होत्या, त्यांच्यातही कुणी हसलं नाही.

आठवड्यात वडील एसटीनं आले. रागावले नाहीत. माझी वळकटी त्यांनी स्वतः बांधली आणि दोरीला दोन-दोन गाठी मारल्या. सायन्स तिथेच सुटलं. एक वर्ष मी घरी बसले, नंतर अहमदपूरच्या कॉलेजात आर्ट्स केलं. तो मात्र विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला आणि नांदेडला चांगल्या खात्यात लागला. हे मला लोकांनी न विचारता सांगितलं. लोक असल्या बातम्या पोचवायला कधी चुकत नाहीत.

तर मालिका. सरांचा सूड मी पहिल्याच भागात उरकला. खलनायक एक शिक्षक केला, तो माईकमधून पोरांचे आवाज ओढून घेतो आणि शेवटी त्याचा स्वतःचाच आवाज जातो. सर तोवर वारले होते, त्यामुळे त्यात फारशी मजा आली नाही. खरा हिशेब दुसऱ्याशी होता. मला एवढंच पाहिजे होतं की त्यानं नांदेडला आपल्या घरात, आपल्या टीव्हीसमोर बसावं, स्वतःला ओळखावं आणि त्याच्या घशाखाली घास उतरू नये.

झालं भलतंच. हिरोचं काम करणारा पोरगा इतका देखणा निघाला की तो अदृश्य झाला की महाराष्ट्रभरच्या पोरी हळहळायच्या. बिचारा किती हळवा आहे! मी त्याला भित्रा लिहायची आणि तो पडद्यावर लाजाळू दिसायचा. माझं वाक्यही मी हिरॉइनच्या तोंडी घातलं होतं, तर ते पोरापोरींच्या मोबाइलवर फिरायला लागलं, कुणी टी-शर्टावर छापलं. ज्या वाक्यापायी मला हापशाला हात लावू दिला नव्हता, ते वाक्य लोक छातीवर मिरवत होते. मी जळफळत होते.

दोनेक महिन्यांनी फोन आला. "मॅडम, वळखलं का?"

मी ओळखलं.

"अगं, मी! हापसा! ते वाक्य माझंच हाय की! घरी सगळ्यांना सांगायलोय, हा हिरो म्हंजी मीच. बायको बी हसायलीय. पोरगी तर लई फॅन हाय तुझी."

म्हणजे त्यानं स्वतःला ओळखलं होतं. हिरो म्हणून ओळखलं होतं. त्याच्या आवाजात लाज तर सोडाच, साधी चलबिचल नव्हती. चिठ्ठी आठवत होती, वाक्य पाठ होतं, आणि उठून टेबलापर्यंत चालत गेलेली ती दहा-बारा पावलं साफ पुसली गेली होती.

"पुढचे भाग चुकवू नकोस," मी म्हटलं.

"टाइम भेटला की बघतो."

त्याच दुपारी मी चिठ्ठीचा भाग लिहून काढला. जसा घडला तसा. हिरो कुणी न सांगता उठतो, चालत जातो, चिठ्ठी देतो, म्हणतो तिनंच दिली, आणि अदृश्य होतो. दिग्दर्शक हादरला. "हिरो स्वतःहून देतो? अहो, सरांनी खिशातून हिसकावली असं करू. लोक याला झोडतील."

"झोडू देत."

खूप वाद झाला. मी मालिका सोडीन म्हणाले, आणि खरंच सोडली असती. शेवटी साहेबांनी एका अटीवर होकार दिला: पुढे हिरो हिरॉइनची माफी मागतो असा एक जोरदार सीन मीच लिहून द्यायचा. मी हो म्हटलं. तेव्हा काहीही कबूल करून मला तो भाग दाखवायचा होता.

भाग दाखवला गेला, आणि त्यानंतर आठच दिवसांत आम्हाला मराठवाड्यात प्रेक्षकांना भेटायला जायचं होतं. कार्यक्रम खरं तर लातूरला ठरला होता, पण त्या वर्षी लातूरला पिण्याचं पाणीच रेल्वेनं येत होतं, तिथे पाहुणे म्हणून जायची लाज वाटली. म्हणून नांदेडला एक सभागृह घेतलं. दुष्काळ पुन्हा तोच, फक्त हापशाच्या जागी टँकर आले होते.

तो आला होता. पोट सुटलेलं, डोळ्यांवर गॉगल, पहिल्या रांगेत. आयोजकांना त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की मी मॅडमचा वर्गमित्र, त्यामुळे पुष्पगुच्छ द्यायला स्टेजवर त्यालाच बोलावलं. गुच्छ माझ्या हातात देऊन त्यानं माईक घेतला. "मंडळी, पडद्यावरचा हिरो तुम्ही बघायलात. असली हिरो तुमच्यासमोर उभा हाय!" टाळ्या, शिट्ट्या. आमचा देखणा हिरोसुद्धा हसून त्याच्या पाया पडला. मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं तो भाग पाहिलेला नव्हता. टाइम भेटला नव्हता.

तो स्टेजवरच्या खुर्चीत ऐसपैस बसला. प्रश्नोत्तरं सुरू झाली. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली, पंधरा-सोळाची, दोन वेण्या. भुवया त्याच्याच होत्या, मला लगेच कळलं. तिच्याकडे माईक गेला तेव्हा तो कौतुकानं पुढे वाकला.

"मॅडम, पप्पा म्हणतात तो हिरो म्हंजी ते हायत. खरं हाय का?"

"हो," मी म्हटलं.

"मग चिठ्ठी बी त्यांनीच नेऊन दिली का सरला?"

सभागृहात जरा हशा झाला आणि लगेच विरला. तो भाग सगळ्यांनी पाहिला होता. तो तेवढा इकडेतिकडे बघत होता.

एका शब्दात मला त्याला सोडवता आलं असतं. मालिकेत सगळंच खरं नसतं, बाळ, असं म्हणून पुढचा प्रश्न घेता आला असता. पोरीचा चेहरा बघून ते ओठांवर आलंही, खोटं कशाला सांगू? मग मला त्या हापशावरच्या बायका आठवल्या, आणि वडिलांनी दोरीला मारलेल्या गाठी. मी माझ्या हातातला माईक त्याच्यापुढे धरला.

"याचं उत्तर तुम्हीच द्या."

त्यानं माईक घेतला. दोन्ही हातांनी घेतला. गॉगल काढला, पुन्हा घातला.

"लहान होतो गं मी तवा," तो म्हणाला.

"ती बी लहानच होती ना, पप्पा?"

तिनं माईक शेजारच्या मुलाकडे दिला आणि ती खाली बसली. पुढचा प्रश्न हिरॉइनच्या केसांबद्दल होता.

मला आनंद झाला. वाचणाऱ्यांना वाटत असेल की आता मी म्हणणार, जिंकून काही हाती आलं नाही. नाही. चांगला पोटभर आनंद झाला. तीस वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी थांबले होते, ते त्याच्याच पोरीनं भर सभेत माईकवर म्हटलं, आणि मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. वाईट वाटलं ते त्या पोरीचं. नंतर सगळे फोटो काढायला पुढे आले, ती मात्र तिसऱ्या रांगेत तशीच बसून राहिली होती.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. नंबर बघून मी घरातल्या खुर्चीत नीट बसले. मला वाटलं, आता म्हणेल. एकदाच म्हणू दे, मी पुढचं सगळं सोडून देईन, असंही मनात आलं. खरंच आलं.

"मॅडम," तो म्हणाला, "पोरगी बोलंना झालीय माझ्याशी. जेवायलाबी बसत न्हाई सोबत. तेवढं तिला फोन करून सांगा ना, ते समदं खोटं हाय म्हणून. मालिकेसाठी लिहिलं म्हणून. तुमचं ऐकंल ती."

मी म्हटलं, "तिच्याशी मी बोलते. आधी तुला मला काही सांगायचं असेल तर सांग."

त्याचा श्वास ऐकू येत होता, मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी दार लावलं. मी थांबले. हापशाखाली घागर धरून थांबायची तेवढीच थांबले.

"हॅलो? हॅलो?" तो म्हणाला. "रेंज न्हाई वाटतं." आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी चॅनेलच्या साहेबांनी विचारलं, माफीचा सीन कधी देताय? मी सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. ते चिडले, अटीची आठवण करून दिली. मी म्हटलं, मी फसवत नाहीये तुम्हाला, पण मला जे दिसलं तेवढंच मला लिहिता येतं, आणि हा मुलगा माफी मागताना कसा दिसतो, हे मी कधी पाहिलेलंच नाही.