पंजाबरावांच्या बंदुकीचा ब्रेक

पंजाबराव खोटं बोलायचे ते फक्त आपल्या उजव्या खांद्याबद्दल. बाकी माणूस सुतासारखा सरळ. साकोलीकडची धानशेती भावांवर सोडून ते भिलाईला आले आणि कारखाना उभा राहत होता तेव्हा रिगर म्हणून लागले. रिगर म्हणजे जड लोखंड साखळ्यांनी उचलून जागेवर बसवणारा. एकदा साखळी सटकली आणि तिचा आकडा खांद्यावर बसला. हाड जुळलं, पण आपल्या मर्जीनं जुळलं. कुणी चौकशी केली की पंजाबराव हात गरगर फिरवून दाखवत. "काई नाई जी, पैल्यापेक्षा पक्का झाला." आणि घरी सदरा काढताना मात्र भिंतीकडे तोंड करत. कुणी मायेनं खांद्यावर हात टाकायला आलं, तर हात पोचायच्या आधीच हे बाजूला सरकलेले असत.

एवढी लपवाछपवी चालली होती ती बंदुकीसाठी. भिलाईजवळच्या कोहक्याला त्यांनी थोडी जमीन केली होती, धान आणि बांधावर तूर. नाल्यातून रानडुकरं यायची आणि एका फेरीत अर्धं शेत नांगरून जायची. म्हणून पीकराखणीचं लायसन काढून त्यांनी तीनशेपंधराची रायफल घेतली होती. आजूबाजूची शेतंही तिच्याच भरवशावर होती. कोहक्यात त्यांना पंजाबराव कुणी म्हणत नसे, बंदूकवाले म्हणत.

पहिली पाळी सुटली की ते सायकलवर शेवंताबाईंना मागे बसवून शेतावर जात आणि दोघं दिवस बुडेपर्यंत मचाणावर बसत. बायकोला शिकारीला नेणारा माणूस म्हणून लोक हसायचे, पण तिची नजर घारीची होती. नवऱ्याच्या उजव्या बाजूला खेटून ती सुपारी कातरत बसायची. डुक्कर दिसलं की तोंडातून शब्द न काढता त्यांच्या मनगटावर बोट टेकवून दिशा दाखवायची. दुसरंही एक कारण होतं, ते दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. क्वार्टरमध्ये नोकरीच्या आशेनं आलेले गाववाले बाराही महिने पथाऱ्या टाकून असत. एक गेला की दोन हजर. नवराबायकोला आपलं म्हणावं असं ठिकाण भिलाईत एकच उरलं होतं, ते मचाण.

खांदा मोडल्यापासून मात्र रायफलीचा धक्का सोसेना. घोडा दाबायच्या आधीच पंजाबरावांचे डोळे आपोआप मिटत आणि गोळी भलतीकडे जाई. डुकरं धीट झाली. "बंदूकवाल्याची बंदूक आता दिवाळीपुरती," असं कोहक्यात कुणीतरी म्हणालं, ते यांच्या कानावर आलंच. बंदूक हातातून गेली की लायसन जाणार आणि लायसनामागोमाग मचाणही. या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

तेव्हा कारखान्यातला टर्नर भैयालाल म्हणाला, "नळीच्या तोंडाले ब्रेक लावा. भोकं असलेला तुकडा असते. गोळीमागचा जाळ बाजूनं निसटते, धक्का निम्मा होते. मी लेथवर कातून देतो ना."

"तू कातशील," पंजाबराव म्हणाले, "अन् मी जेलात जाईन. बंदुकीले हात लावायचा तं लायसनवाल्या मिस्त्रीनंच."

कायद्याच्या बाबतीत ते असेच, ताकसुद्धा फुंकून पिणारे. आधी दुर्गच्या कचेरीत गेले. हत्यारांच्या लायसनाचं काम बघणारे देवराव वर्ध्याकडचे होते, म्हणून बोलायला सोपं गेलं.

देवरावांनी विचारलं, "त्यानं आवाज दबते का?"

"नाई जी. उलटा वाढते म्हणतात."

"मंग हरकत नाई. आवाज दाबणारी वस्तू कायद्याच्या हिशेबानं हत्यारातच मोडते, तिले येगळी परवानगी लागते. नळी कापायची नाई, नंबर खोडायचा नाई, अन् काम लायसनवाल्या दुकानातच करायचं. आवाज वाढला तं सरकारले काई म्हणायचं नाई. शेजाऱ्याले असन तं असन."

दोघंही हसले. पंजाबरावांना शेजारी म्हणजे कोहक्यातले लोक वाटले.

रायपूरच्या बंदूकमिस्त्रीनं पुढ्यात दोन ब्रेक ठेवले. एकाला वरच्या बाजूनं खाचा होत्या. तो नळी उसळू देत नाही, पण खांद्याला आराम थोडाच. दुसऱ्याला दोन्ही अंगांनी लांब खाचा होत्या आणि धक्का मोडण्यात त्याचा हात धरणारा नाही. मिस्त्रीनं दोन्हींतून गोळी सहज जाते की नाही ते तपासलं आणि मान न उचलता विचारलं, "बगल में कोई बैठता है?"

दुकानात आणखी दोन शिकारी बसले होते, दोघेही पंजाबरावांसारखेच मिशीवाले. त्यांच्यादेखत काय सांगायचं, बायको बसते आणि सुपारी कातरते?

"कोई नहीं," पंजाबराव म्हणाले.

मिस्त्रीनं बाजूच्या खाचांचा ब्रेक उचलला. पुढे त्यानं काही समजावलं नाही, समजवायचं कारणच उरलं नव्हतं. त्यानं नळीच्या तोंडावर आटे पाडले, नेम धरायची माशी सांभाळून ब्रेक चढवला, खाचा दोन्हीकडे सारख्या आणल्या आणि बजावलं की कारखान्याचा पाना याला लावायचा नाही. ब्रेकनं नेम थोडा सरकतो, तेव्हा आधी निशाण लावून बघा, असंही सांगितलं. रिगरला दुसऱ्यानं कसलेला नट कधी पटत नाही. तरी पंजाबरावांनी हात आवरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लांबच्या बांधावर जुना तवा उभा केला आणि मचाणावर चढले. शेवंताबाई नेहमीच्या जागी, उजवीकडे, मांडीवर अडकित्ता. पंजाबरावांनी घोडा दाबला.

खांद्याला धक्का लागला तो ओळखीच्या माणसानं गमतीनं लोटावं एवढाच. तवा ठणकन् वाजला, आणि तो पडताना त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला. किती दिवसांनी! आनंद पोटात मावेना. "पाह्यलं का व?" म्हणत ते वळले.

बाजूच्या खाचांतून फुटलेला बार सरळ अंगावर येऊन शेवंताबाई कानांवर हात दाबून वाकल्या होत्या. सुपारी मचाणभर सांडली होती.

"काय झालं?"

त्या नवऱ्याच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग गरजेपेक्षा फार मोठ्यानं म्हणाल्या, "मले ऐकू नाई येऊन राह्यलं."

पंजाबरावांच्या आनंदाचं पाणी झालं. सायकल हातात धरून ते सगळा रस्ता चालत आले आणि रस्ताभर स्वतःच्या मिशीला शिव्या देत राहिले. चुलीवर भात चढेपर्यंत शेवंताबाईंना ऐकू यायला लागलं, कानात शिट्टी तेवढी राहिली. तेव्हा ते हळूच म्हणाले, "सुट्टी पाह्यतो अन् रायपूरले जाऊन काढून आणतो तो ब्रेक."

"कावून? मंग तुमचा खांदा?"

"खांद्याले काय झालं?"

"सदरा काढताना भिंतीकडे तोंड कावून करता मंग? भिंतीले माईत हाय, अन् मले माईत नसन?"

पंजाबरावांचं हात गरगर फिरवायचं राहून गेलं.

"ब्रेक राहू द्या," शेवंताबाई भात हलवत म्हणाल्या. "मी मांगं बसीन, कानात कापूस घालून. तुमीबी घाला."

"मंग मले डुक्कर कसं समजन?"

"ते मी पाहीन ना."

कानातली शिट्टी थांबली तशी ती दोघं पुन्हा मचाणावर गेली. आता शेवंताबाई पाठीमागे होत्या, कानांत तेलात भिजवलेला कापूस गच्च कोंबून. उजवीकडची जागा रिकामी होती आणि पंजाबरावांना ते बरं वाटत नव्हतं. ऊन उतरलं. नाल्याकडचं गवत हललं, पण त्यांना कुठलं गवत ते दिसेना. एवढ्यात मागून हात आला आणि उजव्या खांद्यावर टेकला. डुक्कर उजवीकडे होतं.

सवयीनं ते सरकायला गेले. पण मचाणावर सरकणार कुठं? हात तसाच राहिला. मोडून जुळलेल्या हाडावर तो इतका हलका ठेवलेला होता, की कुठं दुखतं ते त्या हाताला आधीपासून ठाऊक असावं. पंजाबरावांनी श्वास सोडला आणि घोडा दाबला. डुक्कर जागीच आडवं झालं.

बार विरला, बगळे पुन्हा बांधावर उतरले, तरी हात खांद्यावरच होता. पंजाबराव समोर बघत राहिले. मागच्या बाईच्या दोन्ही कानांत कापूस आहे याची मनाशी खात्री करून घेतली आणि मग म्हणाले, "लय दुखते व अजून."

शेवंताबाईंना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी हातही काढला नाही.